बांधाच्या भांडणात कलम 109 लागले, तर वकील नेमके काय करू शकतो?

दादा, वाचणाऱ्या इतरांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो. अमळनेर तालुक्यात दादर ज्वारीची कापणी चालू असताना शेजारच्या शेतकऱ्याशी बांधावरून जुंपली. त्याच्या दंडावर विळ्याची जखम झाली, सहा टाके पडले, हाड मोडलेले नाही. फिर्यादीत ‘जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने’ असे लिहून पोलिसांनी कलम 109 लावले. लहान भाऊ काल रात्री अटकेत गेला. वडिलांचेही नाव आहे, पण ते त्या वेळी बाजार समितीत होते. भावाच्या डोक्यालाही दांड्याचा मार आहे. तुम्ही विचारता, जखम साधी असताना हा खुनाचा प्रयत्न कसा, आणि वकील लावून काय फरक पडेल?

आधी एक गैरसमज काढून टाका. ‘जखम साधी आहे’ एवढ्यावर 109 पडत नाही. हे जुने 307 कलम. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे 109 लागते. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि कोणाला दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. गोळी झाडली आणि नेम चुकला, ओरखडाही उठला नाही, तरी हे कलम लागू शकते. कारण इथे जखम मोजत नाहीत, हेतू मोजतात. आणि हेतू कोणाच्या डोक्यात शिरून पाहता येत नाही, म्हणून कोर्ट तो बाहेरच्या खुणांवरून ठरवते: हत्यार कोणते, घरून आणले की हातात होतेच, वार शरीराच्या कोणत्या भागावर, किती वार, किती जोराचे, तोंडाने काय बोलले, आणि समोरचा खाली पडल्यावर मारणारा थांबला की पुन्हा धावला. तुमचा सगळा बचाव या खुणांभोवती उभा राहणार आहे.

तुम्ही सांगता तसे असेल, तर कापणीच्या दिवसात विळा हातात असणे स्वाभाविक आहे, वार एकच आहे, तो दंडावर आहे, मान किंवा पोटावर नाही, आणि दुसरा वार करायला कोणी अडवले नव्हते तरी केला नाही. यातून ठार मारण्याचा हेतू दिसत नाही, असे म्हणायला चांगली जागा आहे. तिथे वकिलाचे लक्ष्य ‘काहीच घडले नाही’ हे नसून कलम खाली आणणे हे असते. हत्याराने साधी दुखापत म्हणजे 118(1), शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण एक सावध इशारा: दात पडला, हाडाला साधी चीर गेली किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या, तरी ती कायद्याने गंभीर दुखापत होते. मग 118(2) लागते, आणि त्यात किमान एक वर्ष ते जन्मठेप आहे. म्हणून समोरच्याचा एक्स-रे काय सांगतो, ते वकिलाला लवकर कळायला हवे.

आता भावाचे. अटकेपासून 24 तासांत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर न्यावेच लागते. अटकेची कारणे त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली का, हे वकिलाने तिथेच विचारायचे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितले आहे की ती रिमांडच्या किमान दोन तास आधी तरी हातात पडली पाहिजेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भावाने मॅजिस्ट्रेटला स्वतःच्या तोंडाने सांगावे की माझ्या डोक्याला मार आहे, आणि ते कागदावर यावे. अटकेतल्या माणसाच्या वैद्यकीय तपासणीत ती जखम, तिची लांबी-रुंदी आणि ती किती तासांपूर्वीची आहे, हे नोंदले गेले पाहिजे. चार दिवसांनी सूज उतरली की पुरावाही उतरला. आरोपीच्या अंगावरची मोठी जखम फिर्यादी पक्षाला समजावून सांगता आली नाही, तर त्याचे साक्षीदार भांडणाचा अर्धाच भाग सांगत आहेत असे कोर्ट धरू शकते.

पोलीस बहुधा ‘हत्यार जप्त करणे बाकी आहे’ म्हणून पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मागतील. कोठडीत पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. मात्र ‘विळा अमुक ठिकाणी ठेवला आहे, काढून देतो’ असे सांगून तो खरोखर निघाला, तर तेवढा भाग चालतो. म्हणून निवेदन पंचनाम्याचे (आरोपीचे हे सांगणे लिहून घेतात तो कागद) पंच कोण होते, गावचेच की पोलिसांचे नेहमीचे, जप्तीचे चित्रीकरण केले का, हे पुढे उलटतपासणीत लागते. भावाला एवढेच सांगा की न वाचता सही करू नको.

एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली की जामिनाचा अर्ज. जन्मठेपेचे कलम असल्याने मॅजिस्ट्रेट सहसा जामीन देत नाही. अर्ज सत्र न्यायालयातच करावा लागतो, आणि त्यासाठी तुम्हाला जळगाव गाठायला नको, अमळनेरलाच अतिरिक्त सत्र न्यायालय आहे. पोलिसांचा ‘से’ (लेखी म्हणणे) येतो, सरकारी वकील विरोध करतात. हत्यार जप्त झाले, जखमी घरी गेला, आधीचा गुन्हा नाही, शेती आणि कुटुंब इथेच, हे मुद्दे तिथे मांडायचे. जामीनदाराचा ताजा सातबारा, आधार आणि लागल्यास तहसीलचा ऐपतीचा दाखला आधीच काढून ठेवा, नाहीतर आदेश होऊनही माणूस आत राहतो. इथे नकार मिळाला तर उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठ आहे. आणि पहिल्या रिमांडचा दिवस धरून 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी पडला पाहिजे, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वडिलांचा अटकपूर्व जामीन (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 482) मात्र आजच हाती घ्या. त्यांना नातेवाइकांकडे लपवू नका. फरार असल्याची नोंद झाली की हाच अर्ज अवघड होतो. बाजार समितीची काटा पावती, हिशोबपट्टी, एसटीचे तिकीट, जे असेल ते मूळ स्वरूपात वकिलाकडे द्या. कॅमेऱ्याचे चित्रीकरण बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या आत आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज समितीला आणि तपासी अंमलदाराला द्या, पोच घ्या. ते पुराव्यात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, हे वकिलाला आठवून द्या. ‘घटनास्थळी नव्हतो’ हे सिद्ध करायची जबाबदारी सांगणाऱ्यावरच असते, आणि अर्धवट खोटे निघाले तर भावाचीही केस बुडते.

इथेच सर्वांत जास्त नुकसान होते. घरातले चार जण चार बचाव सांगतात: एक म्हणतो भाऊ शेतात नव्हताच, दुसरा म्हणतो तो पडून लागला, तिसरा म्हणतो स्वसंरक्षण. वकिलाने साक्षीदाराला ‘तू आधी दांडा मारलास’ अशी सूचना केली, की भाऊ तिथे होता हे तुम्हीच मान्य केल्यासारखे होते. म्हणून खरे काय घडले ते वकिलाला पहिल्याच दिवशी पूर्ण सांगा, लाजिरवाणा भागसुद्धा. स्वसंरक्षण घ्यायचे ठरले तर ते शंभर टक्के सिद्ध करावे लागत नाही, संभवनीय वाटले तरी पुरते. पण नुसता बांध कोरला म्हणून विळा उगारण्याचा हक्क कायदा देत नाही; दांडा आधी डोक्यात बसला, हे दिसायला हवे. भावाच्या मारहाणीची स्वतंत्र फिर्याद द्या. ठाण्याने घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, तरीही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. दोन्ही केसेस एकाच न्यायाधीशापुढे लागोपाठ चालाव्यात, असा अर्ज वकील करू शकतो.

दोषारोपपत्राची नक्कल मिळाली की सरकारी दवाखान्यातला पहिला केसपेपर शोधा. त्यात जखमीने मारणारा कोण आणि हत्यार कोणते सांगितले, वेळ काय, जखम धारदार हत्याराने चिरलेली की फाटलेली, खोली किती, हे असते. फिर्याद त्यानंतर कित्येक तासांनी लिहिली गेली आणि मधल्या वेळात वडिलांचे नाव वाढले असेल, तर ते इथेच उघडे पडते. केस सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून 60 दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच नाव वगळण्याचा अर्ज करता येतो. वडिलांसाठी तो नक्की विचारात घ्या.

वकील निवडताना सत्र खटल्यात डॉक्टर आणि तपासी अंमलदाराची उलटतपासणी स्वतः करणारा बघा, आणि फी टप्प्याने ठरवा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात जा किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

गावातले जाणते तडजोडीचे बोलतील. 109 गावात मिटत नाही, कोर्टातही ते आपसात मिटवण्याजोगे कलम नाही. खंडपीठ गुन्हा रद्द करू शकते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालानुसार केवळ तडजोड झाली म्हणून नाही. जखम, हत्यार आणि शरीराचा भाग पाहून कलम नावापुरतेच आहे का ते तपासले जाते, तेही तपास संपल्यावर. तोपर्यंत तुम्ही स्वतः फिर्यादीच्या दारात जाऊ नका, साक्षीदारावर दबाव म्हणून जामीन रद्द होऊ शकतो. बोलणे दोन्हीकडच्या वकिलांमार्फत होऊ द्या. आणि खटला चालेल तोवर तो बांध तिथेच असणार आहे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज आताच टाका, मोजणीच्या दिवशी घरातून एकच शांत माणूस पाठवा, आणि ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) हाती येईपर्यंत त्या बाजूला नांगर घालू नका.