शिष्यवृत्ती आणि नवे विषय यांनी विद्यार्थ्याची नजर खरंच विस्तारते का?

तुमचा प्रश्न असा आहे : शिष्यवृत्ती म्हणजे फीची सोय आणि ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषयाशिवाय आवडीनं निवडायचा विषय) म्हणजे पदवीला लागणारे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, पुरे करायची सोय, याहून जास्त काही या दोन्हींतून मिळतं का? मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. माझ्या मते मिळतं, आणि खूप मिळतं. मात्र दोन्ही एकत्र असाव्या लागतात.

याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्या तीन वर्षांत त्यांनी काय काय शिकून घेतलं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण निम्म्याहून जास्त कोर्स बाहेरचे! जॉन ड्यूई यांच्यासारख्या तत्त्वज्ञाच्या वर्गात बसायला मिळालं ते त्यामुळेच.

आणि त्याचं फळ बघा. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला तो अर्थशास्त्राच्या नव्हे, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. वय २५. जातीतल्या जातीतच लग्न करायच्या बंधनावर जात टिकून आहे, ही त्यातली मांडणी. जातीचा जाच त्यांनी लहानपणापासून सोसला होता. त्या अनुभवाकडे अभ्यासकाच्या नजरेनं बघायची साधनं त्यांना या इतर विषयांत सापडली, असं मला वाटतं. नुसते पैसे मिळाले असते आणि ठरलेलेच पेपर द्यायचे असते, तर हा निबंध कुठून आला असता? उलट कोर्सची मोकळीक असती आणि महिन्याचा खर्च भागला नसता, तर तिचा उपयोग काय?

म्हणून मी वर्गात नेहमी सांगतो, शिष्यवृत्तीतून खरा मिळतो तो वेळ. संध्याकाळी दुकानात काम करणारा मुलगा ते काम सोडून वाचनालयात बसू शकला, तर तिथून त्याची नजर बदलायला लागते. यासाठी रकमेइतकंच ती वेळेवर मिळणंही महत्त्वाचं. परीक्षा झाल्यावर जमा झालेला हप्ता उसनवारी फेडायला जातो. वर्षभराची ओढाताण तर होऊन गेलेली असते.

आता नव्या विषयांचं. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो. कल्पना मला मनापासून पटते. लहान कॉलेजात मात्र शिकवायला जे प्राध्यापक असतील, त्यांच्यापुरतीच निवड उरते, आणि मुलंही 'मार्क कुठे सुटतात' एवढंच विचारतात. तरी त्यातूनही घडतं. आमच्या वाणिज्य शाखेच्या एका मुलीनं भूगोल विभागाचा जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे करून त्यांना माहिती जोडायचा, कोर्स घेतला. गाव उन्हाळ्यात टँकरवर जगणारं. तिनं गावातल्या विहिरी नकाशावर मांडल्या आणि कोणत्या वस्तीला पाण्यासाठी किती खर्च येतो याचा ताळेबंद त्याला जोडला. असा ताळेबंद मीही कधी पाहिला नव्हता. आता तिला ग्रामीण विकासात एम.ए. करायचं आहे.

तुम्ही विद्यार्थी असाल तर कॉलेजातल्या निवडीवर थांबू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरच्या कोर्समधून घेता येतात. कोर्स सुरू करण्याआधी विभागप्रमुखांची लेखी संमती तेवढी घ्या. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्यासाठी स्वाधार योजना आहे. परदेशी शिकायचं मनात असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. १८९२ पासून चालू असलेला जे. एन. टाटा एंडोमेंट हा निधी परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपानं मदत करतो. अटी दरवर्षीच्या जाहिरातीतूनच वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका. आणि पासपोर्ट, उत्पन्नाचा दाखला, प्राध्यापकांची शिफारसपत्रं ही कामं जाहिरात यायच्या आधीच उरका, कारण अर्जाची मुदत हाताशी असते तेव्हा नेमकी तीच अडतात.