आर्बोरिस्ट व्हायचंय, झाडाची आतली रचना किती शिकावी लागेल?

प्रश्न असा आहे: बॉटनीची पदवी नाही, पण झाडांवर चढून छाटणीचं, निगेचं काम शिकायचंय. तर झाडाची आतली रचना किती माहीत असावी, आणि फांदी कापल्यावर जखम साधारण किती दिवसांत भरून येते?

दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय. जखम भरून येत नाही. कधीच नाही. आपलं बोट कापलं की तिथे नवी कातडी येते. झाडाकडे ती सोय नाही. एकदा दुखावलेलं लाकूड दुखावलेलंच राहतं. झाड त्याच्याभोवती भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवून ते गाडून टाकतं. बघणाऱ्याला वाटतं, भरलं. पंधरा वर्षांनी चिरा, आत तसंच सापडेल. मी चिरलंय.

निफाड तालुक्यात आमच्या विहिरीवर एक गावरान आंबा होता. २००४ च्या मे महिन्यात त्याची एक मांडीएवढी फांदी मोटरीच्या तारांवर येत होती. मी एकोणीस वर्षांचा होतो, झाडावर सरसर चढायचो. जमिनीपासून सात फुटांवर, अगदी बुंध्याला चिकटून, करवतीने ती फांदी कापली. इतकी सपाट की वरून हात फिरवला तर अडकू नये. आमचे चुलते, आप्पा, खाली उभे होते. म्हणाले, "आता कसं सुतारानं रंधा मारल्यासारखं झालं." आप्पांकडून कौतुक ही दुर्मीळ गोष्ट. मी आठवडाभर मिरवलो. त्याच आठवड्यात छातीच्या उंचीवर मोटरीच्या स्टार्टरची पेटीही झाडालाच चार खिळ्यांनी ठोकली. हे खिळे लक्षात ठेवा.

त्या सपाट कापात चूक काय होती? फांदी जिथून निघते तिथे बुडाशी एक फुगवटी असते, शर्टाच्या कॉलरसारखी. वरच्या बाजूला, बेचक्यात, सालीची एक खरबरीत सुरकुती असते. ही फुगवटी बुंध्याची असते, फांदीची नव्हे. कुज आत जाऊ नये म्हणून झाडाची नैसर्गिक तटबंदी नेमकी तिथे असते. फुगवटीच्या बाहेर कापलं तर फक्त फांदी कापली जाते. फुगवटीसकट कापलं तर बुंधा कापला जातो आणि तटबंदीही गेली. दोन वर्षांनी जखमेकडे बघितलं तरी कळतं: नीट कापलेल्या जागी चहूबाजूंनी गोल, बांगडीसारखी कड चढते. सपाट कापलेल्या जागी फक्त दोन्ही बाजूंना ओठ येतात, वर आणि खाली काहीच नाही. आमच्या आंब्याला दोन छान जाडजूड ओठ आले होते. मला ते सुंदर वाटायचे.

२०११ मध्ये त्या ओठांमधून पावसाचं पाणी पाझरायला लागलं, मुंग्या दिसायला लागल्या. आप्पांनी गवंडी बोलावला. त्याने छिन्नीने आतला भुसा खरवडला, "पार कडक लाकूड लागेपर्यंत", आणि पोकळीत सिमेंट-वाळू ठासून भरली. वरून डांबर. मी तेव्हा पुण्यात एका नर्सरीत कामाला होतो आणि हा विषय नुकता शिकत होतो. फोनवर भांडलो. आप्पांचं उत्तर ठरलेलं: "वर्षातून दोनदा द्राक्षं छाटतो मी, खरड छाटणी आन् गोडी छाटणी. तू मला छाटणी शिकवणार?"

खरं सांगायचं तर त्यांचा गैरसमज समजण्यासारखा होता. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की आमच्याकडे गर्डलिंग करतात. वेलीच्या खोडावरून सालीची दोन-तीन मिलिमीटरची गोल पट्टी काढतात. पानांत तयार झालेली साखर सालीतल्या रसवाहिन्यांतून खाली मुळांकडे जाते, ती वाट अडली की साखर घडांकडे वळते, मणी फुगतात. पाणी मात्र लाकडातून वर चढतच राहतं, म्हणून वेल सुकत नाही. जलवाहिन्या-रसवाहिन्या म्हणजे काय हे पुस्तकाशिवाय शिकायचं असेल तर गर्डलिंगच्या दिवसांत एखाद्या बागेत जाऊन उभे राहा. आणि ती पट्टी काही आठवड्यांत खरंच भरून येते! कारण पट्टी अरुंद, जखम सालीपुरती, लाकूड शाबूत. आजूबाजूच्या जिवंत पेशी ती फट सांधून घेतात. आप्पांनी आयुष्यभर भरून येणारी जखम पाहिली आणि तोच नियम आंब्याला लावला. द्राक्षाची बाग पंधराएक वर्षांत उपटून नवी लावायची असते, वेलीच्या ओलांड्यात, म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांदीत, आत काय सडतंय हे बघायला थांबतो कोण?

२०१९ च्या जुलैत वाऱ्याने आंबा पडला. मोटरीच्या शेडवर. माणूस कुणी नव्हतं, देवाची कृपा. तोडायला मीच गेलो. छातीच्या उंचीवर बुंधा आडवा कापताना चेनसॉने ठिणग्या काढल्या, साखळी गेली. स्टार्टरच्या पेटीचा खिळा! पेटी कधीच गंजून पडली होती, खिळे झाडाने गिळले होते. (हेही मूलभूतच आहे: खिळा पंधरा वर्षांत इंचभरही वर गेला नव्हता. झाड शेंड्याला उंच होतं आणि कडेने जाड होतं, बुंधा रबरासारखा ताणला जात नाही. झाडावर कोरलेलं नाव उंच जातं असं मानणारे इंजिनिअर मला भेटलेत.)

साखळी बदलून दुसरीकडून कापलं आणि चकती जमिनीवर ठेवून बघत बसलो. मधे काळा, भुसभुशीत गोल. मग पेन्सिलीने ओढल्यासारखी एक गडद रेष, जवळजवळ पूर्ण वर्तुळ. रेषेच्या बाहेर साडेतीन इंच स्वच्छ, पिवळट, निरोगी लाकूड. आणि खिळ्याचं डोकं? त्या रेषेच्या अर्धा इंच बाहेर. पेटी सालीला टेकवून ठोकली होती, म्हणजे तो अर्धा इंच ही तेव्हाच्या सालीची जाडी. ती रेष म्हणजे २००४ च्या मे महिन्यातला आंबा. मी करवत लावली त्या दिवशी झाड जेवढं होतं, तेवढं सगळं कुजायला मोकळं झालं, आणि त्यानंतर आलेल्या लाकडात कुजीने पाऊल टाकलं नाही. आंब्यात वर्षांची वलयं सागासारखी स्पष्ट मोजता येत नाहीत, पण मला मोजायची गरजच पडली नाही.

अमेरिकेच्या वनखात्यात अॅलेक्स शिगो नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याने हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून नेमकं हेच पाहिलं आणि १९७७ मध्ये झाडाच्या चार भिंतींची मांडणी केली. पहिली भिंत वर-खाली जाणारी कुज अडवते, ती सगळ्यांत कच्ची. म्हणूनच सात फुटांवरची कुज छातीपर्यंत उतरली. दुसरी आत गाभ्याकडे जाणारी अडवते, तिसरी बाजूंना पसरणारी. चौथी भिंत जखम झाल्यानंतर साल आणि लाकडामधला कॅम्बियमचा थर नव्याने बांधतो, ती सगळ्यांत पक्की. माझ्या चकतीतली रेष ती चौथी.

आणि गवंड्याची छिन्नी? चकतीच्या विहिरीकडच्या बाजूला ती रेष सलग नव्हती. "कडक लाकूड लागेपर्यंत" खरवडताना तो भिंत फोडून पलीकडे गेला होता. त्या बाजूला चांगलं लाकूड जेमतेम इंचभर उरलं होतं आणि झाड मोडलं ते तिथेच. बुंध्याची त्रिज्या साडेअठरा इंच. ढोबळ हिशेब असा की पोकळ बुंध्यात निरोगी लाकडाची जाडी त्रिज्येच्या साधारण तीस टक्के तरी हवी, म्हणजे साडेपाच इंच. आमची होती साडेतीन, एका बाजूला एक. शिवाय वाऱ्यात झाड वाकतं, सिमेंट वाकत नाही. आतून ते घासत राहतं, पाणी धरून ठेवतं. डांबराने फक्त जखम दिसेनाशी होते.

आप्पांना चकती दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन मिनिटं पाहिली आणि म्हणाले, "कापली तूच होतीस ना?" आता याला काय उत्तर आहे? कापली मीच होती. पण म्हणून सिमेंट बरोबर ठरत नाही, हे मी गेली कितीतरी वर्षं त्यांना सांगतोय.

असो, तुमचा प्रश्न. पेशींची नावं पाठ करण्यापेक्षा चार गोष्टी डोळ्यांना दिसायला लागल्या पाहिजेत: फुगवटी, सालीची सुरकुती, बुंधा जमिनीत शिरताना पसरतो तो भाग, आणि बुडाशी आलेली बुरशीची छत्री. बुंधा खांबासारखा सरळ जमिनीत गेलेला दिसला तर समजा, वर माती किंवा पेव्हर ब्लॉक चढवलेत आणि मुळं गुदमरताहेत. मुळांना हवा लागते, म्हणूनच बहुतेक मुळं वरच्या दोनेक फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे पसरतात. पुस्तकातलं ते खोल गेलेलं सोटमूळ मोठ्या झाडाखाली शोधू नका. हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं ते उगाच नाही. लाकडाच्या वखारीत जाऊन ओंडक्यांची तोंडं बघत बसा, फुकट कॉलेज आहे. लाकडी मोगरीने बुंधा ठोकून आवाज ऐकायची सवय लावा. आणि कोकणात गेलात तर नारळाच्या खोडावर चढायला पाडलेल्या खाचा बघा. माडाला कॅम्बियमच नाही, त्यामुळे त्या खाचांना ओठसुद्धा येत नाहीत, आजोबांनी पाडलेली खाच नातवाला तशीच मिळते. माडाला आंब्याचे नियम लावू नका.

फांदी कापायचीच तर आधी फुगवटीपासून फुटभर पुढे खालून काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून, वजन पडून जाऊ दे, शेवटी फुगवटीच्या बाहेरून उरलेला खुंट. पावसाळ्यापूर्वी शेंडे उडवून झाडांचे खांब करतात ती छाटणी शिकू नका. नंतर सुप्त डोळ्यांतून, म्हणजे निजलेल्या कोंबांतून, जो झुबका फुटतो तो बाहेरच्या थराला चिकटलेला असतो, आणि पुढे तोच मोडतो.

हे सगळं आंब्याबद्दल खरं आहे, शेवगा-गुलमोहरासारखी ठिसूळ झाडं भिंती घालण्यात ढिली असतात. तीस टक्क्यांचा हिशेबही बंद पोकळीचा, सरळ उभ्या झाडाचा आहे. पोकळ म्हणजे मेलेलं असं मात्र कुणी म्हणालं तर ऐकू नका, पोकळ वड-चिंचा शेकड्यांनी उभ्या आहेत. बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावू का असं बागाईतदार विचारतील. फळबागेत रोगासाठी लावतात तो विषय वेगळा, रस्त्यावरच्या झाडाला जखमेवर काही लावू नका. शहरात झाडाला हात लावण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या, १९७५ पासून कायदा आहे. एकट्याने चढू नका. तारांजवळ तर अजिबातच नाही.

ती चकती माझ्या टेम्पोत असते, नव्या पोरांना पहिल्या दिवशी तीच दाखवतो. आप्पांनी सिमेंटचा गोळा जपून ठेवलाय. आंब्याच्या पोटातून निघाला तसा, पोकळीच्याच आकाराचा, विहिरीच्या कठड्याशी. काकू त्यावर धुणं आपटते. एका बाजूला हात फिरवला तर गवंड्याच्या छिन्नीचे घाव उलटे उमटलेले अजून हाताला लागतात.