एमआरआयमध्ये गादी सरकल्याचं आलंय, आता ऑपरेशनच का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ३४, दिवसभर बसून काम, तीन आठवडे कंबर दुखतेय, कळ डाव्या पोटरीपर्यंत उतरते आणि रिपोर्टात एल४-एल५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी बाहेर आल्याचं लिहिलंय. एक जण ऑपरेशन म्हणतो, दुसरा म्हणतो पट्टा बांधून महिनाभर पडून राहा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण लोकांच्या कंबरांशी माझा संबंध त्याच्या बराच आधीचा. मी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला. अशाचा पाय लागला की उसण जाते असा समज. लहानपणी गावात कुणाच्या कंबरेत उसण भरली की मला शाळेतून उठवून न्यायचे. माणूस ओसरीवर पालथा पडलेला असायचा आणि आठ वर्षांचा मी त्याच्या कंबरेला पाय लावायचो. चार दिवसांनी तो शेतात दिसायचा, आमच्या घरी शेंगा यायच्या. कॉलेजात गेल्यावर कळलं की माझ्या पायात काही नव्हतं. वाकताना, उचलताना लचक भरून कंबर धरते ती बहुतेकांची काही दिवसांत किंवा चार-सहा आठवड्यांत आपणहून उतरते. श्रेय मात्र शेवटचा हात ज्याचा लागला त्याला. तेलवाले आणि 'मणका बसवून देणारे' याच भांडवलावर जगतात, आणि खरं सांगायचं तर आमची काही यंत्रंसुद्धा.

आता रिपोर्ट. दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट कडं असतं, आत मऊ गर. वयाबरोबर तिच्यातलं पाणी कमी होतं, ती बसते, कडेला फुगते. (लोक याला 'गॅप आलाय' म्हणतात. प्रत्यक्षात मधली जागा कमी झालेली असते!) ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचे अभ्यास २०१५ साली एकत्र मांडले गेले. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के, पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली. तेव्हा नुसत्या त्या ओळीवरून ऑपरेशन ठरत नाही.

रिपोर्टपेक्षा पाय जास्त सांगतो. कळ गुडघ्याखाली जातेय म्हणजे नस चिडलेली असावी, ज्याला सायटिका म्हणतात. भिंतीजवळ उभे राहून दहा पावलं टाचांवर चाला, मग दहा चवड्यांवर. पायाचा अंगठा जोर लावून वर उचला. दोन्ही पाय सारखे चालले तर ताकद शाबूत आहे. चवडा फटकन खाली पडत असेल, तर थांबू नका, लगेच सर्जनला दाखवा. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पायांतली शक्ती जायला लागली, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. सकाळची वाट बघायची नाही.

सगळी कंबरदुखी गादीची नसते, हेही ध्यानात ठेवा. तरुण माणूस सकाळी अर्धा तासाहून जास्त आखडलेला असतो आणि हालचालीने मोकळा होतो, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावं. म्हाताऱ्या माणसाचे पाय थोडं चालताच जड होतात आणि पुढे वाकलं की बरं वाटतं, तर नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. ताप, उतरणारं वजन, रात्री न थांबणारी कळ यांत आपल्याकडे मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो.

ताकद शाबूत असेल तर तुम्हाला घाई नाही. बाहेर आलेला गर शरीर बऱ्याचदा स्वतःच शोषून घेतं. नेदरलँड्समधल्या २००७ सालच्या एका चाचणीत लवकर ऑपरेशन केलेल्यांची पायाची कळ आधी थांबली, पण वर्षाअखेरीस घाई न करता थांबून बघितलेलेही जवळपास तिथेच पोचले होते. दोनेक महिन्यांनीही कळ सहन होत नसेल तर ऑपरेशनचा विचार जरूर करा. फक्त ते प्रामुख्याने पायासाठी असतं, कंबर त्याने मोकळी होईलच असं नाही.

महिनाभर पडून राहणं मात्र नकोच. फार तर एक-दोन दिवस. दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं चाला, अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या. वेदनाशामक थोडेच दिवस आणि डॉक्टरांना विचारून, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर विशेषच. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आहे. पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) सरसकट देऊ नका असं म्हटलंय. माझ्या ट्रॅक्शनच्या टेबलावर आता फायली असतात.

व्यायाम करताना एक खूण बघा. कळ पोटरीतून वर सरकत ढुंगणाशी, कंबरेशी आली तर कंबर जास्त दुखली तरी चालेल, गाडी नीट चाललीये. उलट कळ पायात खाली उतरू लागली तर तो व्यायाम तिथेच सोडा.

गावी गेलो की अजूनही कुणीतरी ओसरीवर पालथं पडतं. मी पाय लावतो, नाही म्हणवत नाही. मग हाताला धरून उठवतो आणि बांधापर्यंत चालवत नेतो.