डबल टँक घेण्याआधी

नाशिक, रविवार

अनेक आशीर्वाद.

"काका, स्कूबा डाइव्हिंगला आता डबल टँकवर, म्हणजे पाठीवर दोन सिलिंडरवर जायचंय, म्हणजे खाली जास्त वेळ मिळेल," असं तू लिहिलंयस. आधी त्या जास्त वेळेचाच हिशेब मांडू.

११ लिटरचा एक सिलिंडर २०० बारपर्यंत भरला की २,२०० लिटर हवा होते. वर असताना तू मिनिटाला २० लिटर घेतेस असं धर. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला ८० लिटर. तिथे साध्या हवेवर, वाटेत डिकोचे थांबे (अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून चढताना घ्यायचे) न घेता वर येता येईल अशी राहण्याची मुदत साधारण २० मिनिटं. त्यातच १,६०० लिटर गेले. राखीव हवा बाजूला ठेवलीस तर ती मुदत भरायच्या आतच सिंगल टँकचा काटा तुला वर हाकलतो. दोन सिलिंडरच्या जोडीत ४,४०० लिटर असतात, तिथे काटा हाकलत नाही. मुदत टळून गेलेली असते आणि गेज म्हणत असतो, अजून भरपूर आहे! आजवर जे काम काटा करत होता ते आता तुझ्या डोक्याने करायचं.

मग जोडी घ्यायची कशाला? एक रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणून देणारं यंत्र) बिघडून हवा सोडायला लागला तर त्याचा व्हॉल्व्ह बंद करून, दोन्ही टाक्यांतली उरलेली हवा दुसऱ्या रेग्युलेटरने घेता यावी म्हणून. पण त्यासाठी व्हॉल्व्हचा मानेमागचा नॉब हाताला लागायला हवा. तो लागत नसेल तर तू फक्त वजन वाहतेयस. (फोटो छान येतो, हे मान्य.)

म्हणून पहिले काही आठवडे समुद्राचं नावही काढू नकोस. घरी खांदे मोकळे कर. वेटसूट घालून हात मागे जातो का बघ. जाड सूटमध्ये जात नाही, असं बऱ्याच जणांना तेव्हाच कळतं. हार्नेस, म्हणजे टाक्या पाठीला बांधणारे पट्टे, सैल असेल तर टाक्या खाली सरकतात आणि नॉब आणखी लांब जातात. पट्टे नीट बसवून घे, कोपर कानाजवळून वर ने, मग नॉब सापडतो. पुढचं सगळं पूलमध्ये आणि प्रशिक्षकासमोर. उजवा नॉब बंद, गळ्यात अडकवलेल्या, डाव्या बाजूच्या राखीव रेग्युलेटरवर श्वास, उजवा पुन्हा पूर्ण उघडा. मग मधला आयसोलेटर, म्हणजे दोन टाक्यांना जोडणाऱ्या नळीवरचा व्हॉल्व्ह. मग लांब होजवर, म्हणजे उजव्या बाजूच्या मुख्य रेग्युलेटरवर परत येऊन डावा. एकावेळी एकच, आणि शेवटी तिन्ही उघडे आहेत हे हात लावून तपासायचं. गळती झाली तर आधी कोणता बंद करायचा यावर शिकवणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. तुझ्या प्रशिक्षकाचा एक धर आणि हातात बसेपर्यंत सोडू नकोस.

आयसोलेटरकडे मात्र विशेष लक्ष दे. भरताना तो बंद राहिला तर एकच टाकी भरते. आणि डाइव्हला तो बंद असेल तर गेज फक्त डावी टाकी दाखवतो, तू मात्र उजवीकडून श्वास घेत असतेस. काटा बराच वेळ हललाच नाही तर खूश होऊ नकोस, आधी आयसोलेटर बघ.

वजनाचं थोडक्यात सांगतो. भरलेल्या हवेचंच वजन ५ किलोच्या वर असतं, म्हणून सुरुवातीला जड वाटणारच. टाक्या जवळपास रिकाम्या असताना ३ मीटरवर स्थिर राहता येईल एवढंच शिसं (बुडायला लावायची वजनं) घे. आपल्या गरम पाण्यात पातळ सूटवर स्टीलची जोडी घेऊ नकोस. विंग, म्हणजे तरंगायला मदत करणारी पाठीवरची हवेची पिशवी, फाटली तर पोहत वर येणं अवघड. पहिल्यांदा कासवासारखी पाठीवर उलटशीलही, त्याने घाबरू नकोस.

कोर्स टीडीआयचा इंट्रो टू टेक किंवा जीयूईचा फंडामेंटल्स बघ, दोन्ही डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्था आहेत. प्रत्येक सेंटरवर जोडी मिळत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी फोन कर. आणि सातपूर-अंबडला गॅसवाले आहेत म्हणून तिथून सिलिंडर भरून घ्यायचा विचार मनात आणू नकोस. श्वासाची हवा वेगळ्या कॉम्प्रेसरची, वेगळ्या फिल्टरची असते. गंगापूर धरणातही प्रयोग नकोत.

राहिली परतीची गोष्ट. डाइव्हनंतर विमानाने जायचं तर डॅन ही डाइव्हरांच्या सुरक्षिततेची संस्था एका साध्या डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतं. डिको घेतला असेल तर त्याहून बरंच जास्त. हा सल्ला २,००० फुटांपासून पुढच्या उंचीसाठी आहे, आणि आपलं नाशिक जवळपास तेवढ्यावरच आहे. मालवणहून फोंडा घाटाने ये नाहीतर कसाऱ्याने, सह्याद्री चढावाच लागतो. दुपारी शेवटची डाइव्ह आणि रात्रीची गाडी, हा बेत तू सिंगल टँकवर आखतेस हे मला माहीत आहे. जोडीवर तो बंद. मालवणात एक मुक्काम वाढव, खर्च आधीच धरून ठेव.

खांद्यांचं काय झालं ते कळव. नॉब हाताला लागायला लागले की माझी बॅकप्लेट (टाक्या जिला बसवतात ती पाठीवरची पाटी) घेऊन जा, नुसती पडून आहे.

तुझा,
काका