मोजा, फुगा आणि नीटचं तिसरं वर्ष

फोंड्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीनं बारावीला जीवशास्त्राबरोबर गणितही घेतलं होतं, गणितात ९१ आहेत. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली, दुसऱ्या खेपेला ७२० पैकी ३९६. तिसऱ्या वर्षाचे क्लासचे पैसे वडिलांनी भरून टाकलेत. मुलगी म्हणते, थकलेल्या हृदयाला आणि शरीरातल्या इतर स्नायूंना आधार देणारे पदार्थ बनवायचेत, मी मेकॅनिकलला जाते. वडील लिहितात, ‘हृदयाचीच आवड आहे तर डॉक्टर का होत नाही? मटेरियल शरीराला चालतं हे एकदा ठरलं की पुढचं फिटरचंच काम ना? तुम्ही तिला समजवा.’

समजावतो, पण तिला नाही.

तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलं’ हे शब्द चार वेळा आलेत. मुलगी दिसते ती एकाच ठिकाणी, तीही तक्रारीत: ‘पुस्तक बाजूला ठेवून फुग्यात पाणी भरते, त्यावर माझा जुना मोजा चढवते आणि आईच्या शिवणाच्या टेपनं घेर मोजत बसते.’ आणि शेवटी खरं कारण येतं. भावाचा मुलगा बांबोळीला एमबीबीएस करतोय, गणेश चवथीला सगळं घराणं एकत्र जमतं, तेव्हा सांगायचं काय? भाऊ, गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसून काय सांगायचं ही तुमची अडचण आहे. ती सोडवायला पोरीचं आणखी एक वर्ष कशाला खर्च करता? ३९६ चे कदाचित वाढतीलही. पण रोज साठ रुग्ण तपासायला, रात्रपाळी करायला तुला आवडेल का, हे दोन वर्षांत घरात कुणी तिला विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. फी बुडेल म्हणून तिसरं वर्ष करायला लावणं हा तर हिशेबच चुकीचा आहे. क्लासवाल्यांकडे परत मागा, मिळतील तेवढे घ्या.

आता त्या मोज्याकडे या, कारण अख्ख्या पत्रात मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. काही आजारांत हृदय थकतं तसं फुगत जातं. फुगलं की भिंतीवरचा ताण वाढतो आणि ताण वाढला की ते आणखी फुगतं. हे थांबवायला बाहेरून पॉलिएस्टरच्या विणलेल्या जाळीचं जाकीट चढवायचं, अशी कल्पना खरोखर निघाली, माणसांवर वापरूनही पाहिली गेली. अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली नाही. पुढे २०१७ मध्ये हार्वर्ड आणि बोस्टनच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांनी सिलिकॉनची एक बाही दाखवली. ती हृदयाला बाहेरून मिठी मारते आणि हवेच्या दाबावर त्याच्याच ठोक्याबरोबर आवळते. रक्ताला कुठेच शिवत नाही, त्यामुळे पंप आत बसवल्यावर गुठळ्यांची जी भीती असते ती इथे कमी. चाचणी डुकरांवर झाली होती. तुमची मुलगी जुन्या मोज्यावर जे करतेय ते याच वाटेवरचं आहे. तुम्ही त्याला वेळ घालवणं म्हणता.

‘शरीराला चालतं’ हा शिक्का एकदा बसला की काम संपलं, हा तुमचा समज मात्र मुळातूनच काढायला हवा. असा कायमचा शिक्का कुठल्याच पदार्थाला मिळत नसतो. पदार्थ चालतो तो अमुक जागी, अमुक कामासाठी. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या स्नायूंना आधार द्यायला पॉलिप्रॉपिलीनची जाळी वर्षानुवर्षं बसवतात. तशीच जाळी बायकांचं अंग बाहेर येतं त्यावर उपाय म्हणून योनिमार्गातून बसवली, तेव्हा अनेकींना इतका त्रास झाला की २०१९ मध्ये अमेरिकेच्या नियामकानं त्या कामासाठी तिची विक्रीच बंद करायला लावली. प्लास्टिक तेच, जागा बदलली. टायटॅनियम हाडात छान राहतं, पण ते हृदयाच्या स्नायूपेक्षा ढोबळमानानं कोटीपट ताठ आहे. त्याचा पत्रा हृदयाला गुंडाळला तर विष नसूनही घात होईल. आणि हृदय दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावतं, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. तेवढ्या वेळा ताणून सोडल्यावर धागा कुठे झिजेल, टाका कुठे उसवेल, भोवती वण धरून जाळीच कडक झाली तर हृदय फुलणार कसं, हे सगळं कोण पाहणार? तुमचा फिटरच. (फिटरला कमी लेखू नका, हेही जाता जाता सांगतो.)

आपल्याच देशातलं उदाहरण देतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकारानं हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली. ते स्वतः शल्यविशारद, पण झडप घडवायला धातू आणि प्लास्टिक जाणणारी माणसं बरोबर होती. आधीचे नमुने फसले. शेवटी पॉलिथिलीनची चकती असलेला नमुना टिकला, मेंढ्यांवर पारखला गेला आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसला. डॉक्टर त्यात होतेच, पण चकती झिजते का हे स्टेथोस्कोपनं कळत नाही.

मार्ग सरळ आहे: गोव्याची जीसीईटी किंवा जेईई देऊन मेकॅनिकल, फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज असो वा दुसरीकडे, मग ‘गेट’ ही प्रवेश परीक्षा देऊन जैवअभियांत्रिकीत एमटेक. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी रुग्णालय आणि श्री चित्रा मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एमटेक चालवतात, तोही बघून ठेवा. बारावीनंतर लगेच ‘बायोमेडिकल’ नावाच्या पदवीमागे धावू नका. अनेक ठिकाणी त्यात रुग्णालयातली यंत्रं सांभाळण्यावरच भर असतो, आणि तिला पाहिजे ते हे नव्हे.

हे वाचून मुलगी खूश होईल, म्हणून दोन शब्द तिलाही. बाळा, या कामात चार वर्षांनी गलेलठ्ठ पॅकेज मिळेल असं मी सांगणार नाही. पीएचडीपर्यंत जावं लागेल, बहुधा गोव्याबाहेर राहावं लागेल. तू आयुष्य घालवलेली वस्तू शेवटी मंजुरीपाशी अडकू शकते, त्या पॉलिएस्टरच्या जाकिटासारखी. शिवाय जीवशास्त्र सुटलं म्हणून सुटकेचा श्वास सोडू नकोस, पेशींशी गाठ पडणारच आहे.

आणि मोज्याचा प्रयोग अर्धवट आहे. विणलेलं कापड उभं एक ताणतं, आडवं वेगळंच. हृदयाच्या भिंतीतले तंतूही आतून बाहेर येताना दिशा बदलत जातात. तेव्हा मोजा कापून आडवा लाव, पाणी तेवढंच भर आणि घेर पुन्हा मोज. मग तोच मोजा पाचशे वेळा ताणून सोड आणि परत मोज. आकडे मला पाठव. या वेळचं पत्र तू लिही, बाबांनी नको. आणि बाबा, दुसरा मोजाही तिला देऊन टाका.