बरं वाटलं तरी रोजचा पंप सोडू नकोस

थंडी सरली, दम लागत नाही, मग दम्याचा रोजचा पंप बंद करू का, असं विचारलंस. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

दम लागला की घ्यायच्या निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल हे औषध श्वासनलिकेभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतं, तेही चार-सहा तासांपुरतं. पण हा स्नायू नुसता आवळत नाही, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. त्याच्या पेशी स्वतःच इओटॅक्सिन, इंटरल्यूकिन-८ अशी रसायनं सोडतात. इओटॅक्सिनच्या मागोमाग इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि श्वासनलिकेची सूज वाढते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर दम्याच्या रुग्णांमध्ये मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत रसायनं सोडणाऱ्या पेशी, थेट या स्नायूतच शिरलेल्या दिसल्या. त्या हिस्टामिन सोडतात, स्नायू आणखी आवळतो, आणि त्याच्याच रसायनांमुळे आणखी मास्ट पेशी तिकडे ओढल्या जातात. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं!

ही सूज निळ्या पंपाने हटत नाही. त्यासाठी रोजच्या पंपातलं स्टेरॉइड. नावाला घरचे घाबरतील, पण मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि औषध थेट श्वासनलिकेत पोचवलं जातं. पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधली पोकळ नळी, लाव, नंतर खळखळून चूळ भर, नाहीतर तोंड येतं.

निफाडला मामाच्या द्राक्षबागेत गंधकाची धुरळणी चालू असेल तेव्हा तिकडे फिरकू नकोस. आणि निळा पंप आठवड्यात दोनदांपेक्षा जास्त लागायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवून ये.