घरात आजारपण आणि हिला नाच सुचतोय?

"धाकट्याची केमो चालू आहे आणि मोठी सारखी कथक करत असते. तिला भावाचं काहीच वाटत नसेल का हो?" अशी काळजी घेऊन बरेच पालक माझ्याकडे सल्ल्याला येतात. कुणाच्या घरी नाच असतो, कुणाच्या घरी क्रिकेट.

सई (नाव बदललंय) अकरा वर्षांची. भावाला लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा हा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. तेवढे दिवस घरात विषय एकच, 'काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) किती आले?' सईला मात्र "त्याला जरा बरं नाहीये" यापलीकडे कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी तिला तीनतालातली तिहाई करून दाखवायला सांगितली. तिहाईत एकच तुकडा तीनदा नाचून शेवटी नेमकं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं असतं. सम चुकली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, मग पुन्हा. टाचा लाल झाल्या तरी थांबेना.

"चुकली तर काय होतं गं?"

बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "त्याचे काउंट पडतात."

एकदा तिने क्लास बुडवला आणि त्याच रात्री ताप चढून भावाला अ‍ॅडमिट करावं लागलं. तिने दोन्हींची सांगड घातली. तिचा रियाज म्हणजे नवस होता, आणि आईला तो बेफिकिरी वाटत होता.

मुलांना खरं कारण सांगितलं नाही, तर ती स्वतःच एखादं शोधतात, आणि त्यात दोषी बहुधा स्वतःलाच धरतात. म्हणून डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, की औषध कॅन्सरच्या पेशींबरोबर चांगल्या पेशीही मारतं, म्हणून काउंट उतरतात. तिने एवढंच विचारलं, "मी त्याच्याशी भांडले होते, त्याने नाही ना?"

क्लासला बाबा सोडू लागले. वाटेत हॉस्पिटलचा विषय काढायचा नाही, असं ठरलं. सम चुकली तरी वेळ संपली की घुंगरू सोडायचे, हे बाईंनी तिच्याकडून करून घेतलं. असा हट्ट झोप-जेवणावर येऊ लागला, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं; सईला ती गरज पडली नाही.

आता नातेवाईक कौतुकाने म्हणतात, "भावासाठी नाचते हो पोरगी." मला हेही पटत नाही. तेच ओझं पुन्हा तिच्या पायात. नाचाचं वेड त्या दिवसांत लागलं हे खरं, पण आता तिला चकरी आवडतात, तिहाईचा कंटाळा येतो. ही आवड तिची स्वतःची.

परवा आईचा फोन आला. कथकच्या प्रवेशिकेची परीक्षा आणि भावाची तपासणी एकाच दिवशी आलीये, काय करू? म्हटलं, तिला परीक्षेला पाठवा, आणि सोबत तुम्ही जा. तपासणीला बाबा जातील.